दिग्व्रत आणि सीमेवरची अणुभट्टी
जैन परंपरेने गृहस्थाला दिग्व्रत, म्हणजे दाही दिशांना आपल्या व्यवहाराची मर्यादा आखून घेण्याचे व्रत, सांगितले असून त्या मर्यादेपलीकडच्या जीवांना आपल्यामुळे इजा होऊ नये, हा त्यामागचा हेतू आहे. सीमेपलीकडच्यांना होणाऱ्या इजेचा हाच प्रश्न अणुभट्टीबाबतही उभा राहतो. बेलारूसने अस्त्रावेत्स येथे, लिथुआनियाची राजधानी विल्नियसपासून सुमारे ५० किलोमीटरवर, उभारलेले अणुवीज केंद्र लिथुआनियाचा विरोध असतानाही २०२० मध्ये सुरू झाले. अणुभट्टीतल्या अपघाताला सीमा अडवत नाही: १९८६ च्या चेर्नोबिल अणुदुर्घटनेतले सीझियम, ज्याचा किरणोत्सार निम्मा होण्यास सुमारे ३० वर्षे लागतात, वाऱ्यापावसाबरोबर थेट स्वीडनच्या कुरणांत उतरले होते. जैन विचार प्रमादाला, म्हणजे बेसावधपणाला, हिंसेचे मूळ मानतो. त्यामुळे ज्यांना वीज मिळणार नाही आणि ज्यांची संमतीही घेतली गेली नाही, त्यांच्यावर धोका लादणे हे अपघात घडला नाही तरी सदोषच ठरते.