जाती कशा उत्पन्न होतात, आणि मनुष्याची जात कोणती?

उत्पत्तीच्या पुस्तकाचा पहिला अध्याय मराठींत वाचणारास 'जाती' हा शब्द वारंवार भेटतो. शाळेंत मुलें जीवशास्त्र शिकतात, तेथेंही हाच शब्द आहे. आणि सोयरीक जुळवितांना घरांत जो प्रश्न हळूच विचारला जातो, त्यांतही हाच. शब्द एक म्हणून अर्थही एकच, अशी समजूत सहज होते, व या समजुतीनें आपल्या देशांत फार अनर्थ केला आहे. यास्तव सृष्टींतील जाती कशा उत्पन्न होतात हें प्रथम नीट पाहूं, आणि मग मनुष्याविषयीं विचार करूं.

ठाण्याच्या खाडीच्या पूर्वेस शिरवणें गांव आहे. तें आज नवी मुंबई शहरांत मोडतें. १९७० सालीं सिडको स्थापन झाली आणि त्यानंतर या पट्ट्यांतील शेतजमिनी नव्या शहरासाठीं घेण्यांत आल्या. परंतु त्यापूर्वीं खाडीकांठचा शेतकरी बांध घालून खारजमिनींत भात पिकवीत असे. बांध फुटून भरतीचें पाणी शेतांत शिरलें म्हणजे बहुतेक रोपें करपून जात. ज्या थोड्यांच्या अंगीं खार सोसण्याची शक्ति असे, तीं तगत, आणि त्यांचेंच बीं पुढल्या वर्षीं पेरलें जाई. पनवेलकडील 'काळा राता' व 'भुरा राता' हीं खार सोसणारीं भातें अशा निवडीचींच फळें होत. येथें तीन गोष्टी घडल्या. रोपांरोपांत थोडा भेद होता. तो भेद बियांतून पुढल्या पिढीस मिळत होता. आणि सर्वांस जगतां येत नव्हतें. या तिहींच्या योगें पिढीमागून पिढी जो पालट घडतो, त्यासच निसर्गनिवड म्हणतात. चार्ल्स डार्विन व आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनीं हा विचार १८५८ सालीं लंडन येथें विद्वानांपुढें मांडला, व पुढील सालीं डार्विन यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

तथापि राता हा भातच राहिला. नवी जाती झाली नाहीं. त्यास बहुधा दीर्घ ताटातूट लागते. सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाळ्यांत कंदिलाच्या आकाराचें एक फूल येतें. त्यास कंदीलपुष्प म्हणतात. याच्या पुष्कळ जाती सह्याद्रींत आहेत, व कांहीं तर एक-दोन डोंगरांपुरत्याच आहेत. नाशिक जिल्ह्यांतील अंजनेरी डोंगरावरील अशाच एका जातीची नोंद शास्त्रज्ञांनीं २००६ सालीं केली. या झाडाच्या बियांस रेशमासारखे केस असतात व वारा त्यांस उडवून नेतो. कांहीं बियां दूरच्या डोंगरावर पडल्या आणि मध्यें खोल दरी राहिली, तर दोहीं ठिकाणच्या झाडांचा संकर थांबतो. येथील माती निराळी, तेथील वारा निराळा, पराग वाहणाऱ्या बारीक माशाही निराळ्या. प्रत्येक डोंगरावर वेगळी निवड होते, लहान लहान भेद सांचत जातात, आणि हजारों पिढ्यांनंतर दोघांची भेट झाली तरी त्यांजपासून सुफल संतति होत नाहीं. मग त्या दोन जाती झाल्या असें म्हणतात.

आतां मनुष्याकडे वळूं. आपली मानवजाती सुमारें तीन लाख वर्षांपूर्वीं आफ्रिका खंडांत उदयास आली व तेथून पृथ्वीभर पसरली. कोणत्याही दोन मनुष्यांची आनुवंशिक लिपि ताडून पाहिली, तर हजार अक्षरांत सुमारें एका अक्षराचाच फरक आढळतो. ब्राह्मण, मराठा, आगरी, महार, मांग, कोणीही कोणाशीं विवाह करो, मुलें होतात व त्यांसही मुलें होतात. मग शास्त्राच्या भाषेंत या जाती नव्हेतच.

कोणी म्हणेल, "आपल्याकडे शतकानुशतकें बेटीव्यवहार बंद होता, ही ताटातूटच नव्हे काय?" प्रश्न योग्य आहे. हैदराबाद येथील सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलेक्युलर बायॉलॉजी या संस्थेच्या व अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनीं २०१३ सालीं दाखविलें कीं, सुमारें ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वींच्या काळांत भारतांतील लोकांचें आपसांत मोठें मिश्रण झालें. वर्गावर्गांतील विवाह त्यानंतर बंद होत गेले. म्हणजे आधीं मिश्रण झालें, भिंत मागाहून उभी राहिली. ती भिंत दरीनें घातली नाहीं, मनुष्यांनीं घातली. सत्तर-ऐंशी पिढ्यांत तिनें नवी जाती केली नाहीं. मात्र लहान वर्तुळांतच लग्नें होत राहिल्यानें कित्येक समाजांत आनुवंशिक रोग वाढले आहेत.

दुसरें असें कीं, निसर्गनिवड उच्चनीच ठरवीत नाहीं. काळा राता खारींत तगतो म्हणून तो सर्व भातांचा राजा होत नाहीं. गोड्या पाण्याच्या शेतांत दुसरें भात त्याहून अधिक पिकतें. जो ज्या स्थळीं तगला तो त्या स्थळापुरता योग्य, इतकेंच शास्त्र सांगतें. 'बलवानानें दुर्बलास चिरडावें' असा उपदेश त्यांतून काढणें म्हणजे पूर येतो म्हणून शेजाऱ्याचा बांध फोडावा असें म्हणण्यासारखें आहे. सृष्टींत काय घडतें हें शास्त्र सांगेल. आपण काय करावें याचा जबाब आपल्यालाच द्यावयाचा आहे.

सृष्टीचा कर्ता जातीजातींस एका क्षणीं घडवितो कीं दीर्घ काळाच्या क्रमानें, याविषयीं ख्रिस्ती लोकांत मतभेद आहेत. परंतु सर्व राष्ट्रें एकाच मुळापासून झालीं, असें पौलानें अथेन्स येथें सांगितलें, त्याविषयीं मतभेदास जागा नाहीं. आणि येथें शास्त्राची साक्षही तीच आहे.

'जात नाहीं ती जात' असें आपले लोक म्हणतात. सृष्टींतील जातीही काळानें पालटतात. मग मनुष्यांनीं घातलेली भिंत मनुष्यांस पाडतां येणार नाहीं काय? ज्या मंडळींत एका भाकरीचे वांटेकरी प्रभुभोजनास एकत्र बसतात, परंतु मुलामुलींच्या लग्नाची वेळ आली म्हणजे आजोबांची जुनी जात शोधूं लागतात, तेथील उपदेशकांनीं हा प्रश्न उघडपणें विचारावा. उत्तर प्रत्येक घरानें आपल्या पुढच्या सोयरिकींत द्यावयाचें आहे.