दुरुस्ती की बदल?

जुने टाकावे की दुरुस्त करावे, हा प्रश्न नुसत्या पैशाचा नाही. 1941 ते 1945 या काळात बनलेल्या विलिस एमबी जीपचा कार्टर कार्ब्युरेटर घ्या. वजनाने सुमारे पंधरा भाग हवेला एक भाग पेट्रोल, हे त्याचे गणित. जेटमध्ये कचरा अडला की गाडी गचके खाऊ लागते. आमचा मिस्त्री तो खोलतो, धुतो, नवी सुई नि गॅस्केट घालतो. पण थ्रॉटलच्या दांड्याचे भोक बुश घालण्यापलीकडे झिजून तेथून चोरटी हवा शिरत असेल, तर ‘आता नवाच घाला, मास्तर,’ असे सरळ सांगतो.

मला त्याची ही नीती मोठी वाटते. खोलून पाहिल्यावाचून तो काही टाकीत नाही, आणि जुन्याच्या मायेपोटी खोटी आशाही लावीत नाही. शाळेत मात्र एखाद्या मुलाच्या कपाळी ‘ढ’ लिहिले जाते, तेव्हा त्याला फळा दिसतो की नाही, एवढेही कोणी पाहिलेले नसते! शिवाय कार्ब्युरेटर दुसरा मिळतो. मूल मिळत नाही. म्हणून माणसाचा निकाल देताना मिस्त्रीहूनही अधिक सबुरी हवी.