प्रार्थनेपूर्वीचा प्रश्न

एखाद्या घरात कर्करोग शिरला की त्या घराचे वेळापत्रक रुग्णालयाच्या हाती जाते. वसईसारख्या भागात आपण हे जवळून पाहतो. पहाटेची चर्चगेट लोकल, दादरला उतरून परळ गाठणे, १९४१ साली सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयातील रांगा, तपासण्या, केमोथेरपी, आणि दिवस मावळल्यावर गलितगात्र होऊन घरी परतणे. आईसोबत वडील जातात, आजी चूल सांभाळते, शेजारी डबा पाठवितात, धर्मगुरू भेटून जातात. या धावपळीत घरातले दहा-अकरा वर्षांचे मूल मात्र नेहमीसारखे दप्तर पाठीला लावून शाळेत जाते. त्याच्या मनाचे काय, हा प्रश्न कोणाच्याच वाट्याला येत नाही.

आमच्या परिचयातील अशाच एका घरची गोष्ट. आईला स्तनाचा कर्करोग झाला, तेव्हा मुलगा सहावीत होता. शाळेत ही वार्ता पोहोचली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या प्रार्थनेत, ध्वनिक्षेपकावरून, त्याचे नाव घेऊन त्याच्या आईसाठी प्रार्थना करण्यात आली. सारी शाळा त्याच्याकडे वळून पाहू लागली. पुढचे चार दिवस मुलगा शाळेत गेला नाही. आजीने खोदून विचारले, तेव्हा तो एवढेच म्हणाला, “शाळेत मला कोणी ओळखायचं नाही, असं एक ठिकाण होतं. आता तिथंही सगळे आईचंच विचारतात.”

यात दोष कोणाचा? प्रार्थना करणाऱ्यांच्या मनात करुणेखेरीज काही नव्हते. तरीही मुलाला इजा झाली. मग प्रश्न असा उभा राहतो की, प्रेम करण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते काय?

आमच्या मते, घ्यावी लागते. आजाराची वार्ता ही प्रथम त्या घराची मालमत्ता आहे. “सर्वांसमोर प्रार्थना केलेली तुला चालेल का? की बाईंनी मनातल्या मनात करावी?” एवढे त्या मुलाला एकांतात विचारले असते, तर ईश्वराला ती प्रार्थना कमी ऐकू आली नसती. एखाद्या मुलाला सर्वांची साथ हवीही असेल. दुसऱ्याला नको असेल. विचारण्यातच त्याचा मान आहे. ज्याच्या हातून घरचे सारे निसटत चालले आहे, त्याच्या हाती निदान एक निर्णय राहतो.

मात्र मान राखणे म्हणजे मौन पाळणे नव्हे. आपल्या समाजात ‘कॅन्सर’ हा शब्द अजून दाराआड उच्चारला जातो. मुलांना सांगतात, “आई मामाकडे गेली आहे.” मुले फसत नाहीत, ती अर्धे ऐकतात आणि उरलेले अर्धे आपल्या भीतीने भरून काढतात. आपण आईला उलट बोललो म्हणून ती आजारी पडली, तिच्याजवळ झोपलो तर आपल्यालाही होईल, असे मूल मनाशी धरून बसते. आंधळा जन्मलेला मनुष्य पाहून शिष्यांनीही प्रभूला विचारले होते की, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने दोन्ही नाकारले. कर्करोग स्पर्शाने होत नाही आणि मुलाच्या वागण्याने तर नाहीच, हे त्याला घरी आणि शाळेत एकाच शब्दांत ऐकू आले पाहिजे. म्हणून मुलाला काय सांगितले आहे, ते पालकांनी वर्गशिक्षकांना विश्वासाने कळवावे. न कळविल्यास गृहपाठ राहिला म्हणून तेच मूल वर्गाबाहेर उभे राहते.

शाळेने करावयाच्या गोष्टी मोठ्या नाहीत. मुलाने ज्यांच्याकडे केव्हाही जावे, असे एक शिक्षक वा शिक्षिका ठरवावी. केमोथेरपी बहुधा दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने दिली जाते आणि नंतरचे काही दिवस घरी कठीण असतात. त्या तारखा ठाऊक असल्या तर चाचणी पुढे ढकलता येते. उपचारांमुळे आईची रोगप्रतिकारशक्ती घटलेली असते; वर्गात कोणाला कांजिण्या आल्या, तर घरी त्याच दिवशी निरोप गेला पाहिजे. आईचे केस गळाल्यावर मुले चिडवू लागली, तर ते खेळकरपणा समजून सोडून देऊ नये. आणि ‘माझी आई’ हा निबंध साऱ्या वर्गाला देताना सोबत दुसरा एक विषयही द्यावा, म्हणजे कोणाचे निराळेपण उघडे पडणार नाही.

कोणी म्हणेल, दुःखे काय एकाच मुलाला असतात? कोणाचा बाप दारू पितो, कोणाच्या घरी चूल पेटत नाही. मग याच्यावरच कृपा का? आक्षेप रास्त आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. एका मुलासाठी जी शाळा थांबून विचारायला शिकते, ती दुसऱ्यासाठीही थांबू लागते. शिवाय आम्ही सवलतींचा आग्रह धरीत नाही. त्या मुलाला घंटा, गणिताचा फळा, क्रिकेटमधली आपली पाळी आणि चुकल्यावर इतरांइतकीच समज हवी असते. शाळेत तो रुग्णाचा मुलगा नसतो, विद्यार्थी असतो. दयेच्या भरात त्याचे हे एक स्थान काढून घेऊ नये.

शेवटी एक जपून उच्चारण्याचे वाक्य. “तू प्रार्थना कर, म्हणजे आई बरी होईल,” असे आपण सहज म्हणून जातो. वेळेवर निदान झालेल्या कितीतरी माता बऱ्या होतात, ही आनंदाची गोष्ट आहे. पण सर्वच होत नाहीत. आई गेली, तर ते मूल आयुष्यभर समजेल की आपली प्रार्थना अपुरी पडली. कोवळ्या खांद्यांवर एवढे ओझे ठेवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? “आम्ही तुझ्यासोबत प्रार्थना करू, आणि काहीही झाले तरी सोबत राहू,” एवढेच वचन आपण प्रामाणिकपणे देऊ शकतो, आणि ते पाळण्याजोगे आहे.

तो मुलगा पाचव्या दिवशी शाळेत गेला. विज्ञानाच्या सरांनी शेजारच्या मुलाकरवी निरोप धाडला होता, “उद्या प्रयोग आहे, परीक्षानळ्या मांडायला तू लागशील.” आईविषयी त्यात एक अक्षर नव्हते. सरांना सर्व ठाऊक होते, आणि सरांना ठाऊक आहे हे मुलालाही ठाऊक होते. आपल्या धर्मग्रामातील प्रत्येक शाळेत असे एक तरी सर, अशा एक तरी बाई असाव्यात. आणि आपण पालकांनी त्यांच्यापाशी खरे बोलण्याचे धैर्य करावे.