खोटे नाणे, खरा घाम

सज्जनहो, स्वप्नातल्या मोहोरेने जागेपणीचे देणे फिटत नाही, असे आपण दृष्टांतात सांगतो. पण दक्षिण अमेरिकेतील व्हेनेझुएला देशात २०१७ च्या सुमारास उलटेच घडले, बरे का! महागाईने तेथील बोलिव्हर हे सरकारी चलन इतके मातीमोल झाले, की २०१८ साली सरकारने त्यावरची पाच शून्ये उडविली. त्या दिवसांत कित्येक जण 'रूनस्केप' नावाच्या संगणकावरील खेळात तासन्‌तास हिरवे ड्रॅगन मारीत, खेळात मिळालेले सोने परदेशी खेळाडूंना विकीत आणि आलेल्या डॉलरांवर घरी पीठमीठ आणीत. ही विक्री खेळाच्या नियमाविरुद्ध. सापडला की खाते बंद, केलेले कष्ट वाया!

आता सांगा, खरे नाणे कोणते आणि खोटे कोणते? बाबांनो, नाण्यात खरेपण नाहीच. खरी ती भूक, खरा तो घाम. भुकेल्या विकणाऱ्याचा न्याय करायला आपण बसू नये. विचार करावा तो घेणाऱ्याने. त्याचा खेळ ती दुसऱ्याची मजुरी झाली. आणि दुसऱ्याकडून खेळून घेतल्यावर आपल्या वाट्याला खेळ तरी कुठला उरला? पैसे देऊन दुसऱ्याला वारीला धाडले, तर पाय त्याचे दुखतील. चंद्रभागेचे स्नान आपल्याला घडेल काय? ज्याचे चालणे, त्याचीच वारी.

रामकृष्णहरि!