राजूरपासून वाचलेला अर्थसंकल्प

अंगारकी चतुर्थीला भोकरदन तालुक्यातल्या राजूरची वस्ती काही तासांत कितीतरी पटींनी वाढते. जालन्याहून, छत्रपती संभाजीनगरहून, खेड्यापाड्यांतून भाविक रात्रभर चालत राजुरेश्वर गणपतीच्या दर्शनाला येतात. त्या गर्दीत पायाला फोड आलेली पोरं असतात, रक्तदाबाची गोळी घरीच राहिलेली आजी असते, दिवस भरत आलेली सून असते. सरकार आरोग्याचा हिशेब मांडतं तेव्हा यांतलं कुणीही त्यात नसतं. सपाट प्रदेशात 30 हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि 5 हजारांमागे एक उपकेंद्र, असा निकष आहे. 2021 ची जनगणना वेळेवर झालीच नाही, म्हणून त्यासाठी 2011 चीच लोकसंख्या धरून चाललं. तेव्हा जन्मलेलं मूल आता दहावीच्या उंबरठ्यावर आहे.

साधारणपणे मार्चमध्ये विधानभवनात अर्थसंकल्प मांडला जातो आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत आरोग्याला किती कोटी मिळाले याचा तक्ता येतो. ती बेरीज महत्त्वाची आहेच. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानं सांगितलं होतं की 2020 पर्यंत राज्यांनी आपल्या अर्थसंकल्पाचा 8 टक्क्यांहून जास्त वाटा आरोग्यावर खर्चावा. महाराष्ट्र पाच टक्क्यांच्या आतच घोटाळत राहिला. देशाच्या तिजोरीत सर्वांत मोठी भर घालणाऱ्या राज्याला हे शोभत नाही. पण मला वाटतं, हा अर्थसंकल्प एकदा उलट बाजूनं, म्हणजे राजूरसारख्या गावातून मुंबईकडे वाचायला हवा. तेव्हा कळतं की पैसा किती आहे, याच्याइतकाच तो कुणाच्या हातात आणि कधी पडतो, हा प्रश्न मोठा आहे.

खालून पाहिलं की पहिल्यांदा तीन वेगळ्या चुली दिसतात. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, ग्रामीण रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाचं आणि संभाजीनगरचं घाटी रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाचं. रुग्ण एकच, त्याचा आजारही एकच, पण वाटेत लेखाशीर्ष बदलत जातं. 15 ऑगस्ट 2023 पासून सरकारनं उपचार मोफत केले, केसपेपरचे पैसेही बंद केले. चांगला निर्णय होता, पण तो सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांपुरता. आजार बळावून माणूस वैद्यकीय महाविद्यालयाच्या दारात पोचला की तो त्या निर्णयाच्या बाहेर गेला.

आता आरोग्य केंद्राच्या हातातला पैसा पाहू. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान 2005 मध्ये सुरू झालं आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला स्वतःच्या अखत्यारीत खर्च करता येईल असा निधी पहिल्यांदाच मिळू लागला. अबंधित 25 हजार, देखभालीचे 50 हजार, रुग्ण कल्याण समितीचे 1 लाख, असे वर्षाला पावणेदोन लाख. 30 हजार लोकांत वाटले तर माणशी सहा रुपयेही होत नाहीत. दिवसाला पाचशेच्या आतच. त्यातूनच फुटलेली पाण्याची टाकी, प्रसूतिगृहातला बंद पडलेला दिवा, इन्व्हर्टरची बॅटरी आणि वेळप्रसंगी बाहेरून आणायचं औषध. खरिपात मक्याच्या रानात साप चावला तर वैद्यकीय अधिकाऱ्याला कपाट उघडून लस आहे की नाही ते त्या क्षणी पाहावं लागतं. नसली तर पंचवीस-तीस किलोमीटरवरचं जालना. पुरवणी मागणी मंजूर होईपर्यंत विष थांबत नाही.

कपाटात लस असली तरी ती देणारं माणूस हवं. डिसेंबर 2024 मध्ये विधिमंडळात आलेल्या कॅगच्या अहवालानुसार सार्वजनिक आरोग्य विभागात डॉक्टरांची 22 टक्के, परिचारिकांची 35 टक्के पदं रिकामी होती. रिकाम्या पदाचा पगार वाचतो आणि तो वर्षअखेर ‘अखर्चित’ म्हणून दिसतो. मग खातं पैसे खर्चच करू शकत नाही, असा निष्कर्ष निघतो आणि पुढच्या वर्षीची तरतूद आखडते. खर्च झाला नाही कारण माणूस नेमला नाही, हे त्या तक्त्यात कुठेच लिहिलेलं नसतं. दरम्यान त्या रिकाम्या खुर्चीचं काम आशाताई ओढतात. त्यांना पगार नाही, मोबदला आहे, आणि तो वाढवून घ्यायला 2021 मध्ये आणि पुन्हा 2023 मध्ये त्यांना संप करावा लागला.

खालची पायरी खचली की सगळा भार वरच्या पायरीवर येतो. 2023 च्या सप्टेंबरअखेर नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात 24 तासांत 24 रुग्ण दगावले. त्यांतली 12 नवजात बाळं होती. मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली, औषधखरेदीवर आणि रिक्त पदांवर चर्चा झाली. मराठवाड्याला हे दुखणं जुनं आहे. 1984 मध्ये दांडेकर समितीनं अनुशेष आकड्यांत मांडला, त्यात आरोग्यही होतं. त्यावर देखरेख ठेवायला 1994 मध्ये वैधानिक विकास मंडळं आली. 30 एप्रिल 2020 ला त्यांची मुदत संपली, ऐन कोविडमध्ये, आणि मराठवाड्याचा हिशेब मागणारं व्यासपीठच गेलं.

मग पैसा कुठून आणायचा म्हटलं की लाडकी बहीण योजनेकडे बोट जातं. तिला माझा विरोध नाही. बाईच्या हातात महिन्याला 1500 रुपये येणं ही मोठी गोष्ट आहे. पण गावात डॉक्टर नसेल तर तेच पैसे जीपभाड्यात आणि खासगी दवाखान्यात जातात, म्हणजे एका खात्यानं दिलेलं दुसऱ्या खात्याच्या उणिवेत वाहून जातं. 2025-26 साठी या योजनेला 36 हजार कोटी ठेवले. राज्यात प्राथमिक आरोग्य केंद्रं आहेत सुमारे 1900. प्रत्येकाच्या हातात पावणेदोन लाखांशिवाय आणखी 10 लाख दिले तर खर्च येतो 190 कोटी: त्या तरतुदीच्या दर शंभर रुपयांमागे 53 पैसे. सामाजिक न्याय आणि आदिवासी विकासाचा निधी याच योजनेकडे वळवला तेव्हा खुद्द सामाजिक न्यायमंत्र्यांनी जाहीर नाराजी बोलून दाखवली होती. पैसे इकडून तिकडे वळवता येतात, हे त्यातून दिसलंच. मग ते खालच्या पायरीकडेही वळवता येतील.

या 10 लाखांबरोबर दोन गोष्टी हव्यात. निधी एप्रिल-मेमध्ये, खरिपाच्या आधी हातात पडावा, मार्चएंडला नव्हे. आणि राजूरसारख्या तीर्थक्षेत्राचा हिशेब रहिवाशांबरोबर येणाऱ्या माणसांवरही व्हावा. पुढच्या वर्षाचे अंदाज खात्यांकडून वर जातात ते साधारण दिवाळीच्या आगेमागेच. रुग्ण कल्याण समितीनं आणि ग्रामसभेनं आपली मागणी ठराव करून पाठवायची ती याच दिवसांत. मार्चमध्ये भाषण ऐकताना ती करून उपयोग नसतो.