ओल्या फळीला एकच खिळा

वाळल्याशिवाय लाकूड कामाला घेऊ नये, असं आमच्या जुन्नर भागातली जुनी माणसं सांगायची. जाडीच्या दर इंचाला एक वर्ष, हा सुतारांचा हिशोब. बाभळीचा ओंडका तर महिनोन्‌महिने विहिरीत नाहीतर ओढ्याच्या डोहात बुडवून ठेवायचे आणि मग सावलीत थप्पी लावून वाळवायचे. सांगणं खरंच आहे. पण दर वेळी वाळलेलं लाकूड नशिबी येत नाही. गरज आजची असते आणि हाताशी असतं ते ओलंच. मग थांबावं, का हात घालावा? आणि हात घालायचाच, तर कसा?

आमच्यावर ही वेळ आली ती निसर्ग वादळात. ३ जून २०२० ला वादळ कोकणात शिरलं आणि घाट चढून आमच्याकडे आलं. पणज्यानं लावलेला बांधावरचा आंबा मुळासकट आडवा झाला. गोठ्याचा पत्रा उडाला आणि कुडाची भिंत बसली. आत दोन गाया, एक कालवड, चार शेरडं. कुकडीच्या धरणांचं पाणी आलं, पाण्यामागं ऊस आला आणि उसात बिबट्यानं घर केलं, हे आमच्या भागात पोराटोरालाही ठाऊक आहे. उघड्यावर जनावर बांधणं म्हणजे त्याच्यापुढं ताट वाढून ठेवणं. त्यात टाळेबंदी, वखार बंद, आणि पाऊस तोंडावर.

आंबा हा १९६४ च्या झाडतोड कायद्यातल्या यादीतला. साग, चिंच, जांभूळ, फणस, ऐन हेही त्याच यादीत. स्वतःच्या बांधावरचं झाड असलं, तरी विचारल्याशिवाय कुऱ्हाड लावता येत नाही. मला ते पटतं. ज्यानं लावलं तो आंबे खायला उरला नाही, ज्यांनी खाल्ले त्यांनी लावलं नाही. मग मालक कोण म्हणायचा? आमचं झाड वाऱ्यानं पाडलेलं. पंचनामा झाला आणि लाकूड मोकळं झालं. बांध दोघा भावांचा, म्हणून लाकूडही निम्मं-निम्मं. थोरल्या भावानं त्याच्या वाट्याचं जळणाला नेलं, मी माझ्या वाट्याच्या फळ्या पाडायचं ठरवलं.

गावातले म्हातारे सुतारमामा आले. ओंडका बांधावरच लाकडी घोडीवर चढवला. सुतळी कावेत बुडवून रेघा मारल्या आणि एक गडी वर, एक खाली, अशी मोठी करवत चालली. भुसा इतका ओला, की मुठीत दाबला तर लाडू वळावा. पाच दिवसांत इंचभर जाडीच्या, वीतभर रुंदीच्या फळ्या निघाल्या. खांब बाभळीचे, घरात पडलेले, चांगले वाळलेले. आंबा काही मातीत रोवायचं लाकूड नव्हे, त्याला कीड लवकर लागते. वळचणीखाली, जमिनीपासून वर, जळकं ऑईल पाजून ठेवला तर मात्र तो टिकतो.

पहिली फळी उभी लावताना मी दोन्ही कडांना खिळे धरले. मामा म्हणाले, "तात्या, दोन नका मारू. अजून आवळायचीय ती. मधी एकच मारा आन् तिला तिच्या परीनं आवळू द्या."

मामांना लाकडाचा स्वभाव हातानं ठाऊक होता. ओलं लाकूड वाळताना लांबीला जवळपास कमी होत नाही, रुंदीला होतं. वीतभर फळी वर्षभरात पाव इंच तरी आत येते, कधी जास्तही. सालीकडची बाजू खोलगट होते, गाभ्याकडची फुगते. दोन्ही कडा खिळ्यांनी जखडल्या, तर फळीला आवळायला जागा राहत नाही आणि ती मधोमध फाटते. आपण म्हणतो लाकूड हलकं निघालं. लाकडानं फक्त आपला धर्म पाळलेला असतो.

म्हणून प्रत्येक फळीला वरच्या आणि खालच्या आडव्या वाशावर, मधोमध एकेकच खिळा. दोन फळ्यांच्या सांध्यावर बाहेरून दोन बोटांची पट्टी, आणि पट्टीचा खिळा फटीतून थेट वाशात, फळीला न शिवता. पट्टीमागं फळ्या वर्षभर सरकल्या, फटी रुंदावल्या, पण पट्टीनं त्या झाकलेल्याच राहिल्या. पाऊस आत आला नाही, बिबट्याला पंजा घालायला जागा मिळाली नाही. एक फळी फाटली, तीही गाठीपाशी.

तेव्हापासून एक विचार माझी पाठ सोडत नाही. माणसाच्या बहुतेक बांधण्या ओल्या लाकडाच्याच असतात. लग्न होतं तेव्हा दोघंही अजून पुरती घडलेली नसतात. पोरगं शाळेत घालतो तेव्हा ते पुढं काय होणार, देवाला ठाऊक. आणि भावांची वाटणी होते, तेव्हा पुढचे पाऊसपाणी कोणी बघितलेले असतात?

आमच्या वाटणीत पंचांनी दोन खिळे मारले होते. मनात वाईट नव्हतं, पुढं तंटा नको म्हणूनच सगळं लिहून टाकलं. विहीर सामाईक, पाण्याची पाळी वार आणि तास धरून कागदावर. सकाळी सहा ते दुपारी दोन थोरल्याचं, दोन ते रात्री दहा धाकट्याचं. पुढं शेतीची वीज आठ तासांवर आली, तीही आठवड्यातून काही दिवस रात्रीची. विहिरीचं पाणीही खाली गेलं. कागद तसाच, विहीर बदललेली. दोघंही कागदावर बोट ठेवून बरोबर होतो आणि दोघांचंही पीक वाळत होतं. तीन वर्षं आम्ही एकमेकांच्या दारात पाय ठेवला नाही. पंच वाईट नव्हते, भाऊ वाईट नव्हता. आवळायला जागा नव्हती.

शेवटी आईनं दोघांना समोर बसवून एकच गोष्ट कबूल करून घेतली: ज्याचं उभं पीक सुकतंय, त्याला आधी पाणी. बाकीचं ज्या त्या हंगामाला बसून ठरवायचं. तो एक खिळा आजही धरून आहे.

याचा अर्थ सगळंच सैल ठेवावं असा कोणी काढू नये. मामांनीच गोठ्याच्या दाराची चौकट आंब्याची करू दिली नाही. ती जुन्या वाड्यातल्या सागाची, पन्नास वर्षं वाळलेली. चौकट हलली तर दार लागणार नाही. बैलगाडीच्या चाकाचा तुंबा ओल्या लाकडाचा केला, तर आरे खिळखिळे होऊन गाडी रस्त्यात बसेल. तसं काही बाबतींत माणसानंही वाळलेलंच असावं लागतं. उसनवारीचा हिशोब, बांधाची हद्द, पोरीबाळींची सुरक्षा, मजुराची संध्याकाळची मजुरी: इथं "बघू पुढं" चालत नाही. मोकळीक द्यायची ती कशाला आणि घट्ट धरायचं ते काय, हे ओळखणं हीच खरी कारागिरी, आणि ती दहावीच्या पुस्तकात मला तरी मिळाली नाही.

फटीचंही तसंच आहे. फट ठेवली आणि पट्टी मारली नाही, तर ती मोकळीक नव्हे, निष्काळजीपणा. पोराला "तुझं तू बघ" म्हणून सोडणारा बाप आणि त्याला सरकायला जागा देऊन मागं पट्टीसारखा उभा राहणारा बाप, लांबून दोघं सारखेच दिसतात. फरक पहिल्या पावसात कळतो.

या वैशाखात पुतण्याचं लग्न झालं. सून शहरातली, कंपनीत नोकरी करणारी. पहिल्याच आठवड्यात घरातल्या बायका बसल्या: किती वाजता उठायचं, डोक्यावर पदर घ्यायचा का, नोकरी कधी सोडायची. थोरल्यानं मला विचारलं, "तुझं काय म्हणणं?" मी म्हटलं, "दादा, पोरगी घरात सुखानं राहिली पाहिजे, एवढं आपण पक्कं धरू. बाकीचं वर्षभरानं बघू." वहिनींना ते फारसं रुचलं नाही. पण अजून तरी कोणी दुसरा खिळा मारलेला नाही.