विषाद, आत्मोद्धार आणि उपचार

मनुष्याने स्वतःचा उद्धार स्वतःच करावा, या भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायातील उपदेशाचा आधार घेऊन मनोविकारावर तज्ज्ञांची मदत घेणे हे श्रद्धेचे किंवा मनोबलाचे उणेपण मानले जाते. परंतु हा अर्थ गीतेच्याच रचनेशी विसंगत आहे. पहिल्या अध्यायाचे नावच 'अर्जुनविषादयोग' असून, त्यात अर्जुनाचे गात्र शिथिल होणे, तोंडाला कोरड पडणे, कंप सुटणे ही विषादाची म्हणजे खोल खिन्नतेची शारीरिक चिन्हे कोणताही दोष न लावता वर्णिली आहेत. दुसऱ्या अध्यायात आपला गोंधळ कबूल करून तो शिष्यत्व पत्करतो आणि त्यानंतरच उपदेशाला आरंभ होतो. गीता हा चिकित्साग्रंथ नव्हे; तथापि साहाय्य मागणे ही आत्मोद्धाराचीच पहिली पायरी आहे, एवढे त्यातून निश्चित दिसते.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अकराव्या अध्यायात चिकित्सेचे तीन प्रकार येतात: मंत्र, व्रत इत्यादींवर आधारलेली 'दैवव्यपाश्रय', आहार व औषध यांची योजना करणारी 'युक्तिव्यपाश्रय' आणि मनाला अहितकर विषयांपासून आवरणारी 'सत्त्वावजय'. त्याच अध्यायात मानसव्याधीवर 'तद्विद्यसेवा', म्हणजे त्या विद्येच्या जाणकाराकडे जाणे, हा उपाय सांगितला आहे. म्हणून प्रार्थना आणि उपचार यांत एकाचीच निवड करावी लागते, ही समजूत परंपरेलाही धरून नाही.

श्रद्धेच्या नावाखाली उपचार नाकारल्याचे परिणाम किती भीषण होतात, हे 2001 साली तमिळनाडूतील एरवाडी येथे दिसले. तेथील दर्ग्याच्या परिसरातील एका खाजगी आश्रयगृहाला लागलेल्या आगीत साखळदंडांनी बांधलेले 28 मनोरुग्ण मृत्युमुखी पडले. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली, आणि आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती, अन्यथा सिद्ध न झाल्यास, तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरून तिची काळजी, उपचार व पुनर्वसन हे शासनाचे कर्तव्य ठरवले.

आज औषधोपचार करणारे मनोविकारतज्ज्ञ आणि संवादाच्या पद्धतींनी उपचार करणारे मानसशास्त्रज्ञ हेच 'तद्विद्य' होत. 2022 पासून केंद्र शासनाची 'टेली-मानस' ही विनामूल्य सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही, उपलब्ध आहे. जीव नकोसा वाटू लागलेल्या माणसाला एकटे न सोडता, त्याला दोष न देता, ताबडतोब अशा जाणकारापर्यंत पोहोचवणे हा प्रत्येक श्रद्धावंताचा धर्म आहे.